पावसाळ्यात घरातली सक्युलंट्स: पानं पारदर्शक होऊन गळतायत

खाडीकाठ | १२ जुलै, रात्री ९:४०

लोकहो, मदत हवी आहे.

ऐरोलीत सहाव्या मजल्यावर राहते. हॉलची खिडकी पश्चिमेला, समोर खाडी. हिवाळ्यात घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून चार रोपं आणली: एकेव्हेरिया, हॉवर्थिया, जेड आणि सान्सेव्हेरिया. चारही खिडकीशेजारच्या टेबलावर आहेत. मेपर्यंत सगळी टवटवीत होती.

पाऊस लागला आणि एकेव्हेरियाचं बिनसलं. पानं गच्च एकावर एक होती, आता मधलं खोड दिसायला लागलंय आणि शेंडा खिडकीकडे वाकलाय. खालची पानं पिवळट, पारदर्शक होतात आणि हात लावला की पाणी सुटून गळतात. जेडची तर हिरवीगार पानंच खाली पडतायत. हॉवर्थिया आणि सान्सेव्हेरिया मात्र मजेत.

सगळ्यांना दर रविवारी अर्धा कप पाणी. पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद. कुंड्या चिनीमातीच्या, माती नर्सरीतली आहे तीच.

एकेव्हेरिया वाचेल का? आणि एकाच टेबलावर दोन रोपं ठणठणीत, दोन आजारी, असं का होतं?

---

वर्तकनगरकर | १२ जुलै, रात्री १०:२५

वाचेल, पण उद्यावर टाकू नका. शक्य असेल तर आत्ताच कुंडीतून बाहेर काढा.

पारदर्शक पान म्हणजे पाणी जास्त झालेलं पान. तहानलेलं पान सुरकुततं, मऊ पडतं, पण रंग धरून असतं. तुमची पानं पाणी सोडतायत म्हणजे मुळांना हवा मिळत नाहीये. मुळांनाही श्वास लागतो. माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात, मग बुरशी शिरते आणि खोडातून वर चढते.

आता काय करायचं ते सांगतो. माती झटकून मुळं बघा. जिवंत मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी असतं, ओढलं तर ताण देतं. कुजलेलं मूळ ओढलं की वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. मुळं गेली असतील तर त्यांचा नाद सोडा आणि खोड कापा. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. पहिला काप घेतल्यावर कापलेला भाग उजेडात धरून नीट बघा. मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडेला तपकिरी वर्तुळ दिसलं तर अजून थोडं वर कापा. ब्लेड परत पुसा, परत बघा. आतला भाग संपूर्ण स्वच्छ, फिकट हिरवा दिसेपर्यंत थांबायचं नाही. एवढासा ठिपका राहिला तरी आठ दिवसांत सगळं झाड काळं पडतं.

मग तो शेंडा कोरड्या वाटीवर, हवेशीर जागी तसाच ठेवा. इतर दिवसांत तीन-चार दिवस पुरतात, या हवेत आठवडा लागतो. काप वाळून त्यावर कडक पापुद्रा आला की कोरड्या भरड मातीवर नुसता टेकवा. पाणी नाही. मुळं फुटल्यावरच पाणी.

---

सानपाडा_७०५ | १२ जुलै, रात्री ११:०२

वाचतेय. माझ्याकडेही अगदी हेच चाललंय. मान उंच होणं हा वेगळा रोग आहे की पाण्याचाच परिणाम?

---

वर्तकनगरकर | १३ जुलै, सकाळी ७:१५

सानपाडा, ते उजेडाचं आहे. उजेड कमी पडला की झाड उजेड शोधत लांबतं. लांबलेलं खोड परत आखूड होत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र येतात, कारण उजेड कमी तर झाडाची वाढ मंद, वाढ मंद तर पाणी कमी उचललं जातं, आणि माती ओलीच राहते.

---

नेरूळची_बाग | १३ जुलै, सकाळी ११:३०

खाडीकाठ, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

'सक्युलंट' असं कुठलं एक घराणं नाही. पाणी साठवून ठेवणाऱ्या, एकमेकांशी नातं नसलेल्या कितीतरी झाडांना आपण हे एकच नाव देतो. एकेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिथे दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतली, तिथेही झुडपांच्या आणि खडकांच्या आडोशाला वाढणारी, अर्ध्या सावलीची तिला सवय. सान्सेव्हेरिया पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण भागातली, दमट उकाडा तिला परका नाही. (वनस्पतीशास्त्रज्ञ हल्ली तिला ड्रॅसिनामध्ये धरतात, नर्सरीवाले मात्र जुन्याच नावाने विकतात.) म्हणजे तुझ्या टेबलावर तीन वेगवेगळ्या हवामानांची झाडं आहेत, आणि जुलैतल्या ऐरोलीशी त्यातल्या दोघांचंच जमतं.

अजून एक. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. यातली बरीचशी ती रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न करतात. दिवसा छिद्रं मिटलेली, म्हणून पाणी वाचतं. डोंगराळ प्रदेशातल्या झाडाला यासाठी रात्रीचा गारवा लागतो. आपल्याकडे जुलैत रात्रीसुद्धा २५ अंशांच्या आसपास पारा आणि हवा ओलीचिंब. एकेव्हेरिया या दिवसांत वाढत नाही, कशीबशी तग धरते. तिला पाणी पाजून काही उपयोग नाही.

दर रविवारचं पाणी बंद कर. वार बघून पाणी घालायचं नसतं. चार इंची कुंडी मे महिन्यात पंख्याखाली तीन दिवसांत वाळते, तीच जुलैत दोन-दोन आठवडे ओली राहते. लाकडी काडी तळापर्यंत खुपस, पाच मिनिटांनी काढ. काडीला ओल किंवा माती चिकटली तर कुंडीला हात लावायचा नाही. वरची माती कोरडी दिसते आणि खाली चिखल असतो, कोकोपीटमध्ये हे हमखास होतं.

---

मजला_बारा | १३ जुलै, दुपारी ३:०५

आम्ही कुंडीच्या तळाशी दगडगोट्यांचा थर देतो, त्याने पाणी निचरतं. कुंडीला भोक नसलं तरी चालतं.

---

नेरूळची_बाग | १३ जुलै, दुपारी ४:२०

मजला_बारा, भोकाशिवाय अजिबात चालत नाही, आणि दगडांच्या थराने फायदा होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजून तट्ट झाल्याशिवाय ते खाली सुटतच नाही. म्हणजे ओला पट्टा दगडांच्या वर, थेट मुळांपाशी येऊन बसतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेव आणि तळापासून वरपर्यंत एकच भरड माती भर.

माझं मिश्रण: दोन भाग भरड, एक भाग माती आणि शेणखत. भरड म्हणजे विटांचे तुकडे, कोळशाचा चुरा, पर्लाईट, जे मिळेल ते, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढं. बांधकामाच्या साइटवरची क्रशसँडही चालते, पण ती चाळून धुवून घ्यायची. त्यातली पूड राहिली तर सिमेंटसारखी बसते. चौपाटीची वाळू मात्र नको, तिच्यात मीठ असतं.

आणि कुंडी मातीची. चिनीमातीच्या चकचकीत कुंडीच्या भिंतीतून पाणी उडत नाही, भाजक्या मातीच्या कुंडीतून सगळ्या बाजूंनी उडतं. आपल्या हवेत हा फरक फार मोठा आहे.

---

कोलशेत_आई | १३ जुलै, रात्री ८:५०

माहितीपूर्ण धागा. सान्सेव्हेरिया रात्री ऑक्सिजन देते म्हणून बेडरूममध्ये ठेवावी असं सगळीकडे वाचते. मुलाला दम्याचा त्रास आहे, म्हणून विचारतेय. ठेवू का?

---

नेरूळची_बाग | १३ जुलै, रात्री ९:३५

ताई, ठेवायला हरकत नाही, झाड सुंदर आहे. पण मुलाच्या श्वासासाठी तिच्यावर विसंबू नका. वर लिहिलं तसं ती रात्री छिद्रं उघडते आणि कार्बन डायऑक्साइड घेते, तिथून ही समजूत पसरली असावी. ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो. अंधारात तो बनत नाही.

हवा शुद्ध होते ही समजूत १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून आली. तो अभ्यास खरा आहे, पण प्रयोग बंद पेटीत केलेले होते. राहत्या घरात खिडक्या-दारांतून हवा इतकी बदलत असते की कुंडीतल्या झाडांचा वाटा नगण्य ठरतो. दम्यासाठी डॉक्टर सांगतील तेच करा. भिंतीवरची बुरशी आणि ओल याकडे लक्ष द्या, पावसाळ्यात त्याचा त्रास जास्त. कुंडीची माती सतत ओली राहिली तर तिच्यावरही बुरशी धरते, तेही बघा.

---

कोलशेत_आई | १३ जुलै, रात्री ९:४८

मनापासून आभार. बरं झालं विचारलं.

---

खारघर_डोंगर | १४ जुलै, सकाळी ८:४०

उजेडाबद्दल लिहितो, कारण पुस्तकांमधला आणि व्हिडिओंमधला सल्ला बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतल्या खिडक्यांसाठी असतो. 'दक्षिणेची खिडकी सर्वांत उत्तम, उत्तरेची निरुपयोगी' हे तिथलं गणित. आपण १९ अंश उत्तरेला राहतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही, उत्तरेच्या खिडकीत थोडं तिरपं येतं. डिसेंबरात बरोबर उलट. दुपारचा सूर्य दक्षिणेला खाली, जेमतेम ४७ अंशांवर, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं.

म्हणून वर्षभर एकच जागा धरून बसू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दक्षिण, उन्हाळ्यात पूर्व. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन काचेतून भाजतं आणि जून लागला की तिकडूनच पावसाची झड येते. खाडीकाठ, तुमची खिडकी नेमकी अशी आहे.

उजेड मोजायचा सोपा उपाय: दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि वर वीतभर अंतरावर हात धरा. सावलीची कड रेखीव असेल तर एकेव्हेरिया राहील. सावली दिसते पण कड पुसट, तर हॉवर्थिया, गॅस्टेरिया. सावलीच नसेल तर सान्सेव्हेरिया किंवा झीझी, आणि तीसुद्धा अधूनमधून उजेडात न्यायची. डासांची जाळी, गडद काच, समोरचा टॉवर हे सगळं उजेड खातं. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, डोळे जुळवून घेतात.

---

मजला_बारा | १४ जुलै, सकाळी १०:१०

हाताच्या सावलीचा उपाय करून बघितला. हॉलमध्ये सावलीच नाही. ग्रो लाइट लावावा का? वीज किती जाते?

---

खारघर_डोंगर | १४ जुलै, सकाळी ११:४५

जांभळा दिवा घेऊ नका, डोळ्यांना त्रास होतो आणि झाडाला काही झालं तर त्या रंगात दिसतही नाही. साधी पांढरी २० वॅटची एलईडी ट्यूब चालते. झाडांपासून वीतभर वर लावा आणि सॉकेटला टायमर. रोज १२ तास. २० वॅट गुणिले १२ तास म्हणजे दिवसाला पाव युनिटपेक्षा थोडं कमी, महिन्याला सव्वासात युनिटच्या आसपास. फक्त जून ते सप्टेंबर लावली तरी पुरते. छताला लावलेली ट्यूब मात्र कामाची नाही, अंतर वाढलं की उजेड झपाट्याने कमी होतो.

---

घोडबंदर_ग्रिल | १४ जुलै, दुपारी १:२०

मला वेगळं म्हणायचंय. एकेव्हेरिया इथे जमत नाही असा सूर लागलाय, तो मला पटत नाही. माझ्या बॉक्स ग्रिलमध्ये वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा आहे, बाजू उघड्या. एकेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटलम, सेडम सगळं तिथे आहे. पावसाचा थेंब पडत नाही, वारा मात्र सतत खेळता. तिथे ती पावसाळाभर छान राहतात. माझ्या मते या झाडांना इथे वारा मिळत नाही म्हणून ती मरतात. खाडीकाठनी खिडकी बंद ठेवलीय, तिथेच घोडं पेंड खातंय.

---

नेरूळची_बाग | १४ जुलै, दुपारी २:०५

वाऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुमचं ग्रिल म्हणजे घराच्या बाहेरच झालं ना? धागा घरातल्या झाडांचा आहे. ज्यांच्या सोसायटीत ग्रिलवर पत्रा घालू देत नाहीत, किंवा कुंडीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं म्हणून वाद होतात, त्यांनी एकेव्हेरिया आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दरवर्षी जूनमध्ये झाड मरायचं आणि डिसेंबरात नवीन आणायचं, हे बघवत नाही.

---

घोडबंदर_ग्रिल | १४ जुलै, दुपारी २:३०

आणू नये असं नको म्हणूया. आत ठेवायची असेल तर ट्यूब आणि छोटा टेबल फॅन, दोन्ही हवेत. पंखा झाडाकडे तोंड करून, मंद, दिवसाचे काही तास. एवढं करायची तयारी असेल त्याने जरूर आणावी.

---

नेरूळची_बाग | १४ जुलै, दुपारी २:४१

हे मान्य.

---

वर्तकनगरकर | १४ जुलै, रात्री ९:१०

खाडीकाठ, जेडबद्दल राहून गेलं. पानं बोटाच्या नखाएवढी, गोल, आणि कोवळ्या फांद्या लालसर, लवचिक आहेत का? तसं असेल तर ते खरं जेड नव्हे. खऱ्या जेडची, म्हणजे क्रॅसुलाची, पानं मोठी, जाड आणि खोड फुगीर. आपल्याकडे जेड म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा पोर्तुलाकारिया असतं. दक्षिण आफ्रिकेत हत्ती ते आवडीने खातात. आपल्या हवेला ते खऱ्या जेडपेक्षा काटक आहे, पण उजेड कमी झाला आणि माती ओली राहिली की हिरवी पानं टाकतं. उजेडात नेलं, माती वाळू दिली की सावरतं.

---

खाडीकाठ | १४ जुलै, रात्री ९:३०

हो काका, अगदी तसंच आहे! लालसर फांद्या.

---

बोका_आणि_मी | १५ जुलै, सकाळी ९:००

मांजर असलेल्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा. खरं जेड, कोरफड, कलांचो आणि सान्सेव्हेरिया मांजर-कुत्र्यांना बाधतात. उलट्या होतात, प्राणी मलूल पडतो. हॉवर्थिया आणि एकेव्हेरिया बिनविषारी आहेत. आमच्याकडे म्हणून फक्त हॉवर्थियाच. आणि शेर किंवा कुठलंही युफोर्बिया कापताना हातमोजे घाला, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार गंभीर इजा होते. लहान मुलं असलेल्या घरात ते नकोच.

---

सानपाडा_७०५ | १५ जुलै, दुपारी १२:१५

माझ्या एकेव्हेरियाच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय. नीमतेल मारू का?

---

नेरूळची_बाग | १५ जुलै, दुपारी १२:५०

पिठ्या ढेकूण आहे. आधी रोप बाकीच्यांपासून लांब ठेव. मग कानात घालायच्या कापूसकाडीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन एकेक टिपून काढ. काडी बेचक्यात अगदी आतपर्यंत गेली पाहिजे, अंडी तिथे असतात. चार-पाच दिवसांनी परत बघ, नवीन पिल्लं निघालेली असतात. कुंडीतून काढून मुळंही तपास, मुळांवर राहणारा प्रकार वरून दिसत नाही. एकेव्हेरियाच्या पानावर जी पांढुरकी पावडर असते ती तेलाने निघून जाते, ती त्या पानावर परत येत नाही आणि उन्हापासून तिचंच संरक्षण असतं. म्हणून नीमतेल शेवटचा उपाय.

---

मजला_बारा | १५ जुलै, सायंकाळी ६:४०

आज माझ्या कुंड्यांना भोकं पाडून आणली, विटांचे तुकडेही मिळाले. नर्सरीत लाल, पिवळे गोळे लावलेले कॅक्टस दिसले. घ्यावे का?

---

वर्तकनगरकर | १५ जुलै, सायंकाळी ७:२०

ते कलम आहे. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, खालच्या हिरव्या खोडाच्या जिवावर तो जगतो. काही वर्षं टिकतं, फार नाही. माहीत असून घेतलं तर हरकत नाही. पण निळा, जांभळा रंग फासलेली रोपं, गोंदाने चिकटवलेली खोटी फुलं आणि वर चिकटवलेले खडे असलेल्या कुंड्या घेऊ नका. रंगाखाली पान उजेड घेऊ शकत नाही, आणि चिकट खड्यांखाली माती ओली आहे की कोरडी हे कळतच नाही. नर्सरीत झाड हलकेच हलवून बघा. डुगडुगलं तर मुळं नाहीत.

---

खाडीकाठ | १९ ऑगस्ट, रात्री १०:०५

सगळ्यांचे खूप आभार. एकेव्हेरियाचं खोड तीनदा कापावं लागलं, तेव्हा कुठे आतला भाग स्वच्छ लागला. शेंडा बशीवर वाळवून विटांच्या चुऱ्यावर टेकवला होता. आज उचलून बघितलं तर खाली गुलाबी, केसांसारखी बारीक मुळं फुटलीयत. बुडख्याजवळची जी चांगली पानं काढली होती त्यातल्या दोघांच्या टोकाला मोहरीएवढी पिल्लं आलीयत. पोर्तुलाकारिया मैत्रिणीच्या पूर्वेच्या खिडकीत पाठवलं, पानगळ थांबली.

आता दोन प्रश्न. एकेव्हेरियाला पाणी कधी सुरू करू? आणि पिवळ्या काठाच्या सान्सेव्हेरियाचं एक पान मोडलंय, त्याचे तुकडे लावले तर नवीन झाडं होतील का? आईला द्यायचंय.

---

नेरूळची_बाग | १९ ऑगस्ट, रात्री १०:३५

किती छान! मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की एकदाच भरपूर पाणी दे, तळातून निथळेपर्यंत, आणि मग काडी पूर्ण कोरडी निघेपर्यंत थांब. अर्धा-अर्धा कप नको, त्याने वरचीच मुळं भिजतात. खत ऑक्टोबर संपेपर्यंत नको. पाऊस गेल्यावर लगेच कडक उन्हातही नेऊ नकोस, ऑक्टोबरचं ऊन पावसाळ्यात नाजूक झालेली पानं एका दुपारीत भाजून काढतं. सकाळचा तासभर, मग दोन आठवड्यांत हळूहळू वाढव.

---

वर्तकनगरकर | २० ऑगस्ट, सकाळी ७:०५

सान्सेव्हेरियाचे तुकडे लागतील, वेळ मात्र काही महिने. तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, उलटा लावला तर मूळ धरत नाही. म्हणून कापतानाच खालच्या टोकाला तिरका छेद द्या. पण पानाच्या तुकड्यातून येणारं झाड साधं हिरवं निघेल, पिवळा काठ येणार नाही. तो काठ वेगळ्या पेशींच्या थराचा असतो आणि पानातून नवा कोंब फुटताना तो थर सोबत येत नाही. आईला पिवळ्या काठाचंच द्यायचं असेल तर मूळ झाडाला बाजूने फुटवा येऊ द्या आणि तो मुळासकट वेगळा करा. पाऊस संपल्यावर.

---

खाडीकाठ | २० ऑगस्ट, सकाळी ८:३०

फुटवा आलाय एक, दोन पानांचा. दिवाळीपर्यंत थांबते.